चांगलं शून्य

सप्टेंबरात आम्ही ते बुडवलं.
नारिंगी गोळा, डोक्यावर वाटीएवढं तोंड,
खाली दोर, दोराच्या टोकाला वजन म्हणून
एका मोडीत निघालेल्या बोटीची साखळी.
साठ मीटरवर ते उभं राहिलं, वर तोंड करून.
थोर्किल म्हणाला, आता ऑगस्टपर्यंत विसरायचं.

सोपं होतं विसरणं. फ्योर्ड गोठला, सूर्य गेला,
आणि सगळं काआनाक त्याच्या डोक्यावरून जा-ये करू लागलं,
मासे आणायला,
सिओरापालुकला कुणाच्या वाढदिवसाच्या कॉफीला.

ते मात्र दर दोन सेकंदांनी वर हाक मारत होतं.
हाक जाते, बर्फाच्या पोटाला आपटते, परत येते.
सेकंदाचा बारावा हिस्सा.
पाण्याच्या दाबावरून कळतं आपण किती खोल,
हाकेवरून कळतं पोट किती दूर.
खोलीतून अंतर वजा केलं की उरतो
बुडालेला बर्फ.
शाळेतली वजाबाकी, पण हातचे फार:
हवेचा भार काढा, भरती धरा,
पाणी किती खारट, किती गार
(गार पाण्यात आवाजही पाय ओढत चालतो).
एवढं करून चार बोटांची चूक राहतेच.

मासाऊनामामा पहार मारतो.
एका घावात आरपार गेली, तर मागे फीर.
दुसऱ्याला गेली, तर चाल, पण थांबू नकोस.
तिसऱ्यालाही अडली, तर कुत्रे जुंप.
त्याच्या मापात दशांश नाही.
बहात्तर वर्षांत एकदाच चुकला,
म्हणून डाव्या हाताला तीन बोटं.

ऑगस्टात यंत्र वर आलं, शेवाळाची दाढी घेऊन.
शाळेच्या रिकाम्या वर्गात आम्ही हिवाळा उलगडला.
आलेखात बर्फ उलटा दिसतो, छताला लोंबणारा.
एके रात्री अकरा मीटरवर कुणीतरी आडवं आलं होतं.
सील असेल, पुसून टाक, थोर्किल म्हणाला.
पुसला.
फेब्रुवारीभर रेघ हळूहळू वर सरकत गेली:
खालून कोमट पाणी चाटत होतं,
वरून रोज ताजं हिम पडत होतं, पांढरंशुभ्र.

मग मार्च, चौदा तारीख.
रेघ उसळून वर आली आणि चाळीस मिनिटं
सपाट पडून राहिली.

उघडं पाणी! थोर्किलने बाकावर थाप मारली.
पाणी उघडं म्हणजे जाडी शून्य.
यंत्र सात सेंटिमीटर दाखवतंय, ती त्याची चूक.
आता सगळ्या हिवाळ्यातून सात काढ, ताळा जमला.
असं चांगलं शून्य, तो म्हणाला,
नशिबात असावं लागतं.

चौदा मार्च.
मामाच्या इनुतेकची स्लेज.
सुरी एकच, आणि कापायचे दोर तेरा.
सहा कुत्रे वाचले. किर्नेक त्यांत नव्हता.
इनुतेक कोपरांवर सरपटत आला,
आणि आता दुकानात खोकी उतरवतो.

मी रकान्यात भरलं: शून्य. दर्जा उत्तम.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळातल्या,
मी त्याला सांगायला गेले.
हातातलं खोकं त्याने आधी नीट रचलं.
मग विचारलं, कुत्र्यांचा आवाज आला असेल त्यात?
नाही. ते फक्त स्वतःचीच हाक ऐकतं.
बरं, म्हणाला.
कंडेन्स्ड मिल्कचे डबे. पीठ. काडतुसं.
आणि आदल्या रात्री? किती होता?
अठरा, मी म्हटलं. दुरुस्तीनंतर अकरा.
जानेवारीत तिथे मला तीन घाव लागले होते, तो म्हणाला,
पुन्हा मारून पाहिली नाही.

त्याने वीत पसरली, हवेत धरली,
मग आखडून निम्मी केली.
एवढा?
मी मान हलवली.

एवढ्यावर आम्ही चौदा जण होतो, म्हणाला,
आणि पुढचं खोकं उचललं.